प्लेटो आणि ॲरिस्टॉटल : फळ्यावरचा तक्ता पुसा, पानं उघडा

प्रश्न : आमच्या वाचनालयात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून दोन रविवारी जमतो. बहुतेक निवृत्त, शिवाय राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या दोन मुली. सध्या प्राचीन ग्रीक विचारवंतांची राजकारण आणि समाजाविषयीची मतं, असा विषय चालू आहे. पहिल्या दोन बैठका भांडणात गेल्या. एक गट म्हणतो, प्लेटो हुकूमशाहीचा पुरस्कर्ता आणि ॲरिस्टॉटल लोकशाहीवादी. दुसऱ्याच्या मते प्लेटो पहिला साम्यवादी. तिसरा म्हणतो, प्लेटोचे तीन वर्ग म्हणजे आपलं चातुर्वर्ण्यच. गाइडमधला ‘प्लेटो आदर्शवादी, ॲरिस्टॉटल वास्तववादी’ हा तक्ता फळ्यावर लिहून पाहिला, पण चर्चा पुढं सरकेना. अजून चार बैठका हातात आहेत. मूळ ग्रंथातलं काय वाचावं, किती वाचावं? आणि या दोघांखेरीज आणखी कोणाला घ्यावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी तो तक्ता पुसून टाका. ‘आदर्शवादी’ प्लेटोनं म्हातारपणी ‘लॉज’ हा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. नव्या वसाहतीत कुटुंबं किती (५०४०), समुद्र किती लांब (८० स्टेडिया, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर), सर्वांत श्रीमंत माणसाकडं मूळ वाटणीच्या किती पट मालमत्ता चालेल (चौपट), असा सगळा हिशेब त्यात मांडला आहे. उलट ‘वास्तववादी’ ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या सातव्या भागात सर्वोत्तम राज्याचं चित्र रंगवतो आणि लग्नाचं वयसुद्धा ठरवून देतो, मुलीचं १८ आणि पुरुषाचं सुमारे ३७. तक्त्यातली लेबलं दोन ग्रंथांच्या दोन तुकड्यांवरून चिकटवलेली आहेत. ती घेऊन वाद घातला की प्रत्येक जण आपल्या सोयीचा तुकडा पुढं करतो. तुमच्याकडं नेमकं तेच झालेलं दिसतंय.

दोन माणसांची तुलना करू नका. एक प्रश्न घ्या आणि त्याला दोघांनी दिलेली उत्तरं शेजारी ठेवा. पानावर बोट ठेवून दाखवता येत नाही, असं कोणतंही वाक्य बैठकीत चालवू नका. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणं मिटतील.

पानावर बोट ठेवायचं तर सगळ्यांकडं एकच पानं हवीत. भाषांतरं वेगवेगळी असली तरी समासातले आकडे सारखे असतात. प्लेटोचे आकडे १५७८ च्या स्टेफानस आवृत्तीचे. पानाचा क्रमांक आणि त्यापुढं ए ते ई यांपैकी एक अक्षर, उदाहरणार्थ ४८८ ए. ॲरिस्टॉटलचे आकडे १८३१ च्या बेकर आवृत्तीचे. पानाला ए आणि बी असे दोनच रकाने, म्हणून १२८१ बी. हे आकडे न छापणारी स्वस्त आवृत्ती अभ्यासवर्गाच्या कामाची नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर दोघांच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं आकड्यांसकट फुकट मिळतात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण उतारे छोटे घ्या, मोठ्यानं वाचा आणि चर्चा मराठीत करा. खाली चार बैठकांचे उतारे देत आहे. एका बैठकीचं वाचन पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका.

वाचनाला सुरुवात करण्याआधी पंधरा मिनिटं अथेन्सची माहिती द्या, कारण दोघं ज्या लोकशाहीबद्दल बोलतात ती आपली लोकशाही नव्हे. तिथं प्रतिनिधी नव्हते, नागरिक स्वतः सभेला यायचे. काही ठरावांना ६००० जणांची हजेरी लागे. पाचशेंचं मंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात. सेनापतींसारखी मोजकी पदं तेवढी मतानं भरत. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरगावाहून येऊन राहिलेले रहिवासी सभेच्या बाहेर. प्लेटोच्या तरुणपणी, इ.स.पू. ४०४ मध्ये, अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं आणि तीस जणांची जुलमी राजवट आली. तिचा म्होरक्या क्रिटियास प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. वर्षभरात ती कोसळली, लोकशाही परत आली आणि त्याच लोकशाहीनं ३९९ मध्ये प्लेटोच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विष दिलं. म्हणजे मोजक्यांची सत्ता आणि बहुतांची सत्ता, दोन्ही प्लेटोनं फसलेल्या पाहिल्या. ॲरिस्टॉटल ३८४ मध्ये उत्तरेकडच्या स्टॅगिराला जन्मला, सतराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं तिथं राहिला. अथेन्सचा नागरिक तो कधीच झाला नाही.

पहिली बैठक : राज्य कोणी चालवायचं?

हिला सर्वांत जास्त वेळ द्या. उतारे तीन, आणि क्रम बदलू नका.

पहिला प्लेटोच्याच ‘प्रोटागोरस’ संवादातला, ३१९ बी ते ३२३ ए. सॉक्रेटिस म्हणतो, जहाज बांधायचा विषय निघाला की अथेन्सची सभा जहाज बांधणाऱ्यांनाच बोलावते. दुसरा कोणी बोलायला उठला तर त्याची हुर्यो उडवून त्याला खाली बसवते. पण राज्यकारभाराचा विषय आला की सुतार, लोहार, जोडे शिवणारा, व्यापारी, कोणीही उठून सल्ला देतो आणि त्याला ‘तू हे कुठं शिकलास’ असं कोणी विचारत नाही. प्रोटागोरस हा फिरता शिक्षक उत्तरादाखल एक पुराणकथा सांगतो. वैद्यकी, सुतारकी अशा कला काहींनाच वाटल्या, पण न्यायबुद्धी आणि लाज सगळ्यांना वाट, असं देवांचा राजा झ्यूसनं देवदूत हर्मीसला बजावलं, कारण त्या चार जणांपुरत्या राहिल्या तर नगरं उभीच राहणार नाहीत. इथं हमखास घसरायला होतं. लोकांना वाटतं, प्रोटागोरस माणसाला जन्मतः शहाणा म्हणतो. तसं नाही. पुढं ३२५ ते ३२८ मध्ये तो सांगतो की हा गुण शिकवावा लागतो. आईबाप, दाई, शिक्षक, कायदा, सगळे मिळून तो शिकवत असतात, जशी मातृभाषा कोणा एका मास्तरानं शिकवलेली नसते.

दुसरा उतारा प्लेटोच्या आदर्श राज्यावरच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातला जहाजाचा दृष्टान्त, ४८८ ए ते ४८९ सी. जेमतेम दीड पान आहे, पण बरेच वाचक तो उलटा लावतात. जहाजाचा मालक सगळ्यांत धिप्पाड आणि ताकदवान, मात्र कानानं थोडा बहिरा, नजरेनं अधू आणि नौकानयनात कच्चा. खलाशी सुकाणूसाठी आपापसांत मारामाऱ्या करतात. ही विद्या ते शिकलेले नाहीत, वर ती शिकता येतच नाही म्हणतात. मालकाला गुंगीचं औषध किंवा दारू पाजून ते जहाज ताब्यात घेतात. ज्याला वारे, ऋतू, तारे खरोखर कळतात त्याला ते आकाशाकडं बघत बसणारा बडबड्या ठरवतात. आता मालक कोण? राजा नव्हे. मालक म्हणजे जनता आणि खलाशी म्हणजे तिला झुलवणारे पुढारी. प्लेटोचा राग पुढाऱ्यांवर जास्त आहे. मालक मंद आहे, पण दुष्ट नाही. हे लक्षात आलं की ‘प्लेटो जनतेचा द्वेष करायचा’ हे सरसकट विधान बैठकीत टिकत नाही.

तिसरा ‘पॉलिटिक्स’चा, १२८१ ए च्या शेवटापासून १२८२ बी पर्यंत. एकट्यानं खर्च करून दिलेल्या मेजवानीपेक्षा अनेकांनी आपापला वाटा आणून केलेली मेजवानी सरस होऊ शकते, तसं अनेकांचं एकत्रित शहाणपण मोजक्या थोरांपेक्षा वरचढ ठरू शकतं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. मग १२८२ ए मध्ये तो गुरूचंच जहाज गुरूवर उलटवतो. काही कलांमध्ये करणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त कळतं. घर कसं झालंय ते गवंड्यापेक्षा राहणाऱ्याला, सुकाणू कसं झालंय ते सुतारापेक्षा सुकाणू धरणाऱ्याला आणि जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. हे दोन उतारे लागोपाठ वाचले की वादाचा सांधा दिसतो. राज्यकारभार हे ज्ञान आहे, यावर दोघांचं एकमत आहे. त्या ज्ञानाची परीक्षा कोण घेणार, यावर मतभेद.

यावरून ॲरिस्टॉटलला लोकशाहीवादी ठरवायची घाई मात्र नको. त्याच परिच्छेदात तो अटी घालतो. हे प्रत्येक समूहाला लागू पडेलच असं नाही, काही समूह आणि जनावरं यांत फरक तो काय, असं तो म्हणतो. लोकांना काय द्यायचं? अधिकारी निवडणं आणि त्यांच्याकडून हिशेब घेणं. सर्वोच्च पदं एकेकट्यानं भूषवणं नाही. शिवाय १२७९ बी मधल्या सहा राज्यप्रकारांत लोकशाही बिघडलेल्या तिघांत आहे, कारण त्याच्या व्याख्येत ती गरिबांनी गरिबांच्याच हितासाठी चालवलेली सत्ता. शेवटची वीस मिनिटं १२९४ बी मधल्या एका वाक्यावर घालवा. चिठ्ठी टाकून अधिकारी निवडणं लोकशाहीचं लक्षण, मत देऊन निवडणं अल्पजनसत्तेचं, असं तिथं म्हटलंय. या मोजमापात आपली विधानसभा कुठं बसते, हा प्रश्न टाका आणि गप्प बसा. चर्चा आपोआप रंगेल.

दुसरी बैठक : वर्ग आणि मालमत्ता

चातुर्वर्ण्याचा वाद इथं सोडवता येईल. ‘रिपब्लिक’ ४१४ बी ते ४१५ डी वाचा. देवानं राज्यकर्त्यांत सोनं, त्यांच्या सैनिक-सहाय्यकांत चांदी आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड व पितळ मिसळलं, अशी ही कथा. बहुतेकदा सोन्यापोटी सोनंच येतं, पण राज्यकर्त्याच्या पोटी पितळ आलं तर त्या मुलाला दयामाया न दाखवता कारागिरांत ढकला आणि कारागिराच्या पोटी सोनं आलं तर त्याला वर चढवा, असं तिथं स्पष्ट आहे. त्यामुळं जन्मावर ठरणाऱ्या जातीशी प्लेटोची थेट सांगड घालणं चूक. पण वाद एवढ्यावर संपत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हीच तुलना केली आहे आणि तीही गुणांवर आधारलेल्या चातुर्वर्ण्याशी. माणसांची अशी तीन-चार ठरावीक खणांत अचूक विभागणी करता येते, हे गृहीतच त्यांना मान्य नाही. प्रत्येक माणूस वेगळा, एकेकाचा जणू स्वतंत्र वर्ग, आणि एकाच माणसात कितीतरी प्रवृत्ती, हे प्लेटोला दिसलं नाही, हा त्यांचा आक्षेप. ‘पण प्लेटोत वर चढता येतं’ हे उत्तर या आक्षेपाला पुरत नाही. तुमच्या तिसऱ्या गटाला हा भाग वाचायला द्या. त्यांचा मुद्दा त्यांनी मांडला त्यापेक्षा तगडा होईल.

आता साम्यवाद. ‘रिपब्लिक’ ४१६ डी ते ४१७ बी एवढंच वाचा. गरजेपलीकडं खाजगी मालमत्ता नाही. इतरांना शिरता येणार नाही असं घर किंवा कोठार नाही. छावणीतल्या शिपायांसारखं एका पंगतीत जेवण. सोन्या-चांदीला हात लावायचा नाही, अंगावर घालायचं नाही, त्याच्या पेल्यातून प्यायचं नाही, एवढंच काय, ते ज्या छपराखाली आहे तिथं जायचंही नाही. हे सगळं कोणाला? फक्त रक्षकवर्गाला, म्हणजे वरच्या दोन वर्गांना. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांच्याकडं जमीन आणि पैसा राहतोच. कारणही तिथंच दिलंय. रक्षकांना जमीन-घर-नाणं मिळालं की ते रक्षक उरणार नाहीत, शेतीवाडीवाले होतील आणि लोकांचे साथी न राहता धनी होऊन बसतील. सत्ता आणि संपत्ती एका हातात नको, हा मुद्दा. उत्पादनाची साधनं सगळ्यांच्या मालकीची करायचा विचार त्यात नाही.

गोंधळ पसरतो तो ॲरिस्टॉटलमुळं. ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात (१२६१ ए ते १२६४ बी) तो या योजनेवर अशी टीका करतो की ती सगळ्या नागरिकांसाठी आहे असं वाचकाला वाटावं. शेतकऱ्यांना हे लागू आहे की नाही ते सांगितलेलं नाही, अशी तक्रार तो स्वतःच १२६४ ए मध्ये करतो. ‘रिपब्लिक’मधलं ते पान त्याच्या शेजारी ठेवलं की ती तक्रार फारशी टिकत नाही. म्हणून प्लेटो कधीही ॲरिस्टॉटलच्या तोंडून ऐकू नका. टीकेतला एक मुद्दा मात्र जोरदार आहे. जे सर्वांचं त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. घरात नोकर वाढले की कामं पडून राहतात, तसं. त्याचा स्वतःचा तोडगा १२६३ ए मध्ये आहे, मालकी खाजगी आणि वापर सामाईक. उदाहरण स्पार्टाचं. तिथं लोक एकमेकांचे गुलाम, घोडे, कुत्री आपलेच समजून वापरतात आणि प्रवासात शिदोरी लागली तर वाटेतल्या शेतातून घेतात.

जमिनीची समान वाटणी सुचवणाऱ्या फेलियासवरची टीकाही (१२६६ ए ते १२६७ बी) जमली तर वाचा. थंडी वाजते म्हणून कोणी जुलमी सत्ताधीश होत नाही, असं ॲरिस्टॉटल तिथं म्हणतो. मोठे गुन्हे गरजेपोटी होत नाहीत, हावेपोटी होतात. म्हणून हाव आवरायला शिकवणं हा त्याचा उपाय, आणि तो प्लेटोच्या फार लांब नाही.

हुकूमशाहीचा आरोप करणाऱ्यांनाही इथंच एक सूचना. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये हा आरोप गाजवला, तेव्हापासून सगळे ‘रिपब्लिक’च्या ४७३ डी वरच्या तत्त्वज्ञ-राजावर तुटून पडतात. ते पान कमकुवत आहे. त्या राजाची तयारी पाहा (५३७ बी ते ५४० ए) : विशीपासून दहा वर्षं गणित, मग पाच वर्षं तर्कचर्चा, मग पंधरा वर्षं प्रत्यक्ष कामावर आणि पन्नाशीला राज्य, तेही नाइलाजानं. वर मालमत्ता शून्य. आरोप करायचाच तर धातूंच्या कथेला प्लेटो स्वतःच थोर असत्य म्हणतो ते ४१४, काव्यावर बंधनं घालणारी ३७७ पासूनची पानं आणि रक्षक स्त्री-पुरुषांच्या जोड्या जुळवण्याच्या चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी लबाडी करावी असं सांगणारं ४६० ए, यांवर करा. तिथं प्लेटोची बाजू घेणाऱ्याला खरंच घाम फुटतो.

तिसरी बैठक : घर, स्त्रिया, गुलाम

उतारे छोटे ठेवा. ‘रिपब्लिक’ ४५१ डी ते ४५७ बी आणि ‘पॉलिटिक्स’ १२५३ बी ते १२५५ बी, शिवाय १२६० ए. टकला आणि केसाळ या फरकामुळं जोडे शिवायच्या कामात अडत नाही, तसा स्त्री-पुरुष हा फरक रक्षणाच्या कामात आड येत नाही, असं प्लेटो म्हणतो आणि स्त्रियांना तेच शिक्षण देतो. लगेच ‘स्त्रीवादी’ म्हणू नका. ४५५ मध्ये स्त्री सगळ्याच कामांत एकंदर दुबळी हेही आहे आणि पुढं त्याच रक्षक स्त्रियांना ना घर उरतं ना स्वतःचं मूल. ॲरिस्टॉटलच्या मते विचारशक्ती गुलामात नाहीच, स्त्रीत आहे पण तिचा अंमल चालत नाही, मुलात आहे पण अपुरी. मात्र १२५५ ए मध्ये युद्धात पकडून गुलाम करण्यावर अनेकांचा आक्षेप आहे हे तो नोंदवतो आणि १३३० ए मध्ये गुलामांपुढं सुटकेचं बक्षीस ठेवावं म्हणतो. जो स्वभावतःच गुलाम, त्याला सोडायचं कशाला? कारण पुढं सांगीन असं वचन तो देतो, पण उपलब्ध ग्रंथात ते कुठंच येत नाही. नागरिकाची त्याची व्याख्याही (१२७५ ए) इथंच घ्या : न्यायदानात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा तो नागरिक. या व्याख्येनं अथेन्समध्ये तो स्वतः बाहेर पडतो.

चौथी बैठक : कायदा, आणि एपिक्युरस

‘लॉज’ ७१५ डी आणि ‘पॉलिटिक्स’ १२८७ ए एकाच बसण्यात वाचा. राज्यकर्ते कायद्याचे दास असतील तिथंच राज्य तगतं, असं म्हातारा प्लेटो म्हणतो. कायदा म्हणजे वासना वगळलेली बुद्धी, असं ॲरिस्टॉटल. सगळ्यांत कमी अंतर इथं आहे आणि बहुतेक गाइडं ‘लॉज’ गाळत असल्यामुळं ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

या दोघांपलीकडं प्रोटागोरस आधीच येऊन गेला. आणखी एकच घ्या, ॲरिस्टॉटलच्या पुढच्या पिढीतला तत्त्वज्ञ एपिक्युरस. स्टोइकांचा, म्हणजे झेनोच्या पंथातल्या तत्त्वज्ञांचा, मोह टाळा. झेनोचा राज्यावरचा ग्रंथ हरवला आहे, त्याचे तुकडेच उरलेत, आणि एका रविवारी ते लागत नाहीत. फकिरासारखं राहणाऱ्या डायोजिनिस या तत्त्वज्ञाचे किस्से गमतीचे आहेत, पण ते मुख्यतः काही शतकांनंतर लिहिलेल्या चरित्रातून येतात, त्यांवर सिद्धान्त उभारू नका. एपिक्युरसची चाळीस मुख्य सूत्रं उपलब्ध आहेत. त्यांतली ३१ ते ३८ न्यायावर आहेत आणि एका पानात मावतात. न्याय म्हणजे एकमेकांना इजा न करण्याचा करार, आणि तो सोयीचा उरला नाही की तो न्यायही उरत नाही, असा त्यांचा रोख. राज्यानं माणसाला चांगलं घडवावं ही प्लेटो-ॲरिस्टॉटल दोघांची अपेक्षा इथं पार गळून पडते.

फक्त त्या पानाआधी ‘रिपब्लिक’ ३५८ ई ते ३५९ बी मोठ्यानं वाचून घ्या. तिथं सॉक्रेटिसशी बोलणारा ग्लॉकन जवळजवळ हाच करार मांडतो आणि पुढचा सगळा ग्रंथ त्याला उत्तर म्हणून लिहिलेला आहे. क्रम उलटा झाला तर तुमच्या मंडळींना वाटेल की प्लेटोला हा विचार सुचलाच नव्हता.